ड्रायरचा खडखडाट

झडीचे दिवस आले की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. कपडे वाळवायचे कोठे? रिसोडला आमच्या दोन खोल्यांत मुलांचे गणवेश दोन-दोन दिवस दोरीवर ओलेच लोंबत असत. म्हणून आम्ही हप्त्याने दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक वाशिंग मशीन घेतली. परदेशात ड्रायर म्हणजे गरम हवेने कपडे वाळविणारे वेगळे यंत्र. आपल्याकडे ड्रायर म्हणतात तो या मशीनचा लहान टब. तो कपडे वाळवीत नाही, गरगर फिरवून पिळून देतो. झडीत तेवढाही आधार मोठा असतो.

गेल्या पावसाळ्यात हा ड्रायर ओरडू लागला. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "अहो, शेजारच्या काकू विचारतात, घरात सोयाबीनचं मळणीयंत्र लावलं का म्हणून!" आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढे जळका वास येऊ लागला, तेव्हा आमची कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "बाबा, मेकॅनिकला बोलवायच्या आधी आपणच पाहू."

पहिली तपासणी कपड्यांची. ड्रायरची मोटर मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेते. मुलीने कागदावर हिशेब मांडला. टबाच्या मध्यापासून कडेपर्यंत १२ सेंटिमीटर धरले, तर एका बाजूला जादा पडलेला १०० ग्रॅमचा ओला कपडा टबाला वीस किलोहून अधिक जोराने ओढतो. मग मशीन नाचेल नाही तर काय? जाड पँट एका बाजूला अन् ओढणी दुसऱ्या बाजूला, असे टाकू नये. कपडे सारखे पसरून दाबावेत आणि वर प्लास्टिकची जाळी बसवावी.

दुसरी तपासणी पायांची. मशीनचे चारही पाय फरशीवर नीट टेकलेले हवेत. तिसरी टबाच्या फटीची. आतला आणि बाहेरचा टब यांच्यामध्ये नाणे, बटण किंवा लहान मोजा अडकला, तरी मोठा खडखडाट होतो.

आमच्याकडे या तिन्ही गोष्टी ठीक होत्या. मग पिन काढून मागचे झाकण पेचकसाने उघडले. मोटर स्प्रिंगांवर आणि रबरांवर बसलेली असते. स्प्रिंग तुटली किंवा रबर झिजले की मोटर एका अंगाला कलते. मोटर आणि टब जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू सैल झाला तरी ठकठक होते. आमचा दोष मात्र ब्रेकमध्ये निघाला. झाकण बंद केले की एक तार ब्रेक ओढून मोकळा करते. झाकण उघडले की ब्रेक चाकाला घट्ट धरतो. आमची तार ताणून सैल पडली होती. त्यामुळे ब्रेक पुरता सुटत नव्हता, फिरत्या चाकाला घासत होता. तोच आवाज अन् तोच जळका वास. ब्रेकची पट्टी घासून गुळगुळीत झाली होती.

आता खरी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी झाकणाचा स्विच बिघडला, तेव्हा आम्हीच दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. काम भागले, पण तेव्हापासून झाकण उघडे असतानाही ड्रायर फिरत होता. आमचा धाकटा त्यात वाकून पाही. फिरत्या टबातला ओला कपडा बोटांना गुंडाळला गेला, तर हात आत खेचला जातो, बोट तुटू शकते. ब्रेक झिजलेला, स्विच निकामी. त्या दिवशी मोटर उघडून पाहताना आमच्या अंगावर काटा आला. नवी तार, नवी पट्टी आणि नवा स्विच आणून बसविला. मेकॅनिकच्या एका फेरीपेक्षा खर्च कमी आला.

सर्वच कामे घरी करू नयेत. मोटरवर पाणी गळत असेल, तर खालचे रबरी सील गेले असे समजावे आणि मेकॅनिकला बोलवावे. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा ब्रेक अडकलेला असतो किंवा कपॅसिटर गेलेला असतो. पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्याला हात लावू नये. ओल्या न्हाणीघरात तीन पिनांचे अर्थिंग नसेल, तर मशीन लावूच नये.

आज घरी एवढे करा. ड्रायर चालू करून झाकण उघडा. हात दूर ठेवून पाहा. १५ सेकंदांच्या आत टब थांबला नाही, तर कपडे दोरीवर वाळू द्या. पण दुरुस्ती होईपर्यंत लेकरांना त्याजवळ फिरकू देऊ नका.