ब्रेक आणि भरवसा

आमच्या परभणीत नव्याने बदलून आलेला नोकरदार पहिल्या महिनाभरात तीन प्रश्न हमखास विचारतो. चांगला डॉक्टर कोण, चांगली शिकवणी कुठली आणि चांगला मेकॅनिक कोण? पहिल्या दोन प्रश्नांना दहा जण दहा उत्तरे देतात. तिसऱ्याला मात्र बहुतेक जण आधी एक सुस्कारा सोडतात आणि मग म्हणतात, "एक होता हो, पण आता त्याचंही काही खरं नाही."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे मास्तरकी केली. त्यातली बहुतेक वर्षे परभणीत राहून खेड्यावर ‘अप-डाऊन’ करण्यात गेली. एसटी आणि शाळेची घंटा यांचे कधी जमलेच नाही, म्हणून मोटारसायकल. जिंतूर असो, पालम असो की सोनपेठ, आमच्या जिल्ह्यातल्या हजारो घरांचे चाक याच दोन चाकांवर फिरते. सकाळी दुधाची किटली, दुपारी युरियाचे पोते, संध्याकाळी तापाने फणफणलेले पोर घेऊन दवाखाना, आणि सणावाराला मागे बायको व टाकीवर धाकटे. एवढा संसार ज्या गाडीवर, तिचा ब्रेक कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न घरातल्या एकट्या पुरुषाचा नाही. मागे बसणाऱ्या बाईचाही तो तितकाच आहे. हे मला कळले, पण उशिरा कळले.

गोष्ट २००८ सालच्या डिसेंबरातली. गाडीचा मागचा ब्रेक सैल लागत होता. नेहमीच्या गॅरेजवर थांबलो, गाडीवरून खालीही उतरलो नाही, आणि म्हणालो, "जरा टाइट करून द्या." पोऱ्याने पाना घेतला, मागच्या चाकाजवळचा नट चार आटे फिरवला, "झालं सर" म्हणाला. पाच रुपये दिले. त्या वर्षात असे मी चार-पाच वेळा केले असेल. दर वेळी नट थोडा पुढे जायचा, दर वेळी ब्रेक आठ-पंधरा दिवस बरा लागायचा.

त्या रविवारी आम्ही दोघे पोखर्णीच्या नृसिंहाला जाऊन येत होतो. गंगाखेड रस्ता, कारखान्यांचा हंगाम, दिवेलागणीची वेळ. पुढे उसाने भरलेला, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. मागे ना दिवा, ना लाल कापड. तो दिसला तेव्हा अंतर पुरेसे होते. मी पाय दाबला. पायाखालचा ब्रेक मऊ पिठात रुतावा तसा खाली गेला आणि गाडी जात राहिली. हातातला ब्रेक मी कधी वापरतच नसे, त्यामुळे त्याचीही तार ढिली. शेवटी गाडी रस्त्याच्या खाली घातली. काळ्या मातीच्या ढेकळांत दोघेही पडलो. मला खरचटण्यावर निभावले. सौभाग्यवतींचे मनगट मोडले. "अहो, ब्रेक का नाही लावला?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

गाडी ज्यांच्याकडे नेली ते एक वयस्क मिस्त्री होते. सारे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी काही विचारण्याआधी गाडीला हात लावला नाही. केव्हापासून असे होते, किती वेळा ‘टाइट’ केला, मागे किती ओझे असते, हे सगळे विचारून घेतले. मग चाक उतरवले. आतले लायनर झिजून पत्र्याला पत्रा लागला होता. चाचांनी मला वाकायला लावले आणि बोट ठेवले, "सर, ये बाण कंपनी ने कायके वास्ते दिया?"

ब्रेकच्या दांडीवर एक बारीक बाण होता आणि पलीकडे ड्रमच्या झाकणावर एक खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला की लायनर संपले, बदला, असा त्याचा साधा अर्थ. नट फिरवत राहिले की ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण आतला कॅम आडवा होत जातो आणि एक दिवस पायाचा जोर लायनरपर्यंत पोचतच नाही. माझ्या गाडीचा बाण खुणेच्या कितीतरी पुढे गेला होता. मुलांना आयुष्यभर ‘नीट वाचा, मग लिहा’ असे बजावणाऱ्या मास्तराने आपल्याच गाडीवरची खूण एकदाही वाचली नव्हती.

साहजिकच मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याच्या नावाने बोटे मोडायला सुरुवात केली. चाचांनी ऐकून घेतले आणि जे म्हणाले ते मी अजून विसरलेलो नाही. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा : दिवसभरात चार गाड्या अशा येतात की ज्यांना काहीच करायची गरज नसते. अर्धा तास घालवून, चाक उघडून, पुसून, ‘अजून तीन महिने चालेल’ असे मी सांगतो. गिऱ्हाईक खूश होते, गाडीला किक मारते आणि निघून जाते. मजुरी मागितली तर म्हणते, "नुसतं बघितलंच ना? बघायचे कसले पैसे?" आणि तेच गिऱ्हाईक दुसरीकडे नको असलेले सामान बदलून घेऊन, काही शे रुपये मोजून, हसत घरी जाते. कारण तिथे हातात काहीतरी नवे पडलेले असते.

मला वाटते, भरवशाचा मेकॅनिक सापडत नाही या आपल्या सार्वत्रिक तक्रारीचे मूळ इथे आहे. आपण सामानाचे पैसे देतो, ज्ञानाचे देत नाही. ‘काही करायला नको’ हे खरे सांगणाऱ्याला आपण उपाशी ठेवतो आणि ‘हे बदला, तेही बदला’ म्हणणाऱ्याला पोसतो. घाईघाईने ‘टाइट करून द्या’ म्हणणाऱ्याला घाईचेच काम मिळते. त्या पोऱ्याने मी सांगितले तेच केले होते. चूक त्याच्या उस्तादाची होती हे खरे, पण त्यात माझा वाटा पाच रुपयांहून जास्त होता.

अर्थशास्त्रज्ञांनी याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. त्यांना २००१ साली नोबेल मिळाले. १९७३ साली डार्बी आणि कार्नी या दोघांनी दुरुस्तीच्या धंद्याकडे बोट दाखवले. रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असेल, आणि काम झाल्यावरही ते गरजेचे होते की नव्हते हे गिऱ्हाइकाला कळणार नसेल, तर लबाडीला वाव राहणारच. परदेशी विद्यापीठांत मांडलेले हे तत्त्व आमच्या चाचांनी लिंबाच्या झाडाखाली, चिंधीने हात पुसत सांगितले होते.

कुणी म्हणेल, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावे. जरूर जावे. तिथे बिल मिळते, सामान अस्सल मिळण्याची शक्यता जास्त. पण तिथे गाडी काचेपलीकडे जाते आणि तिला हात कोणी लावला हे कळत नाही. शिवाय आडगावच्या शेतकऱ्याने एका ब्रेकसाठी तालुका गाठून दिवस मोडावा, हे दर वेळी होणारे नाही. रस्त्याकडेचा मिस्त्री आपल्याला लागणारच आहे. ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी धर्तीच्या गाड्या आल्या. पेट्रोल टाका, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची त्यांची जाहिरात गाजली. ती मायलेजबद्दल होती. आपण मात्र सगळी गाडीच विसरलो. पुढे गाड्या सुधारत गेल्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. पण झिजलेल्या लायनरला कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. ती सगळी ब्रेकने मारली असे नव्हे. पण ऐन वेळी गाडी दोन हात अलीकडे थांबली असती तर यांतली काही घरी आली असती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

तेव्हा मेकॅनिक पारखायचा कसा? माझ्या अनुभवातून आलेल्या काही खुणा सांगतो. जो पान्याआधी प्रश्न विचारतो तो चांगला. जो चाक उघडल्यावर तुम्हाला बोलावून दाखवतो, आणि काढलेले जुने सामान न मागता तुमच्या हातात देतो, तो अधिक चांगला. काम झाल्यावर जो स्वतः गाडी एक चक्कर फिरवून, ब्रेक दाबून पाहतो, त्याला सोडू नका. ब्रेकचे काम उस्ताद स्वतः करतो की शिकाऊ पोरावर सोपवतो, हे उभे राहून बघा. ड्रममधली भुकटी तोंडाने फुंकणाऱ्याला मात्र प्रेमाने थांबवा. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचे आणि ते फुप्फुसाचा घात करते. ओल्या फडक्याने पुसले तरी भागते. त्याच्याही जिवाची काळजी गिऱ्हाइकाने केली, तर भरवसा दोन्ही बाजूंनी वाढतो.

काही गोष्टी घरच्या घरी पाहता येतात. पायाचा ब्रेक साधारण दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा दबल्यावर लागायला हवा. त्याहून खूप खाली जात असेल तर आधी बाण बघा, मग नटाचे बोला. फार ताठ असेल तर चाक घासत राहते, ड्रम तापतो आणि लायनर गुळगुळीत होऊन पकड सोडते. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाते. थोडे अंतर ब्रेक हलका दाबत चालावे, म्हणजे तो सुकतो. डिस्क ब्रेक असेल तर हॅण्डलवरच्या डबीची काच पाहावी. आतले ऑइल खालच्या रेघेच्या वर हवे. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. बाटली आपल्यासमोर फोडायला सांगावी, आणि झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिला असेल तोच घ्यावा. राहता राहिला पुढचा ब्रेक. ‘पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो’ ही आपल्याकडची पक्की समजूत. वस्तुस्थिती अशी की थांबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून जास्त पकड पुढच्याच चाकाला असते. दोन्ही ब्रेक एकत्र, न झटकता लावावेत. मी हे आधी शिकलो असतो तर एक मनगट वाचले असते.

आणि बिल मागावे. कच्च्या कागदावर का होईना, काय बदलले, किती घेतले आणि तारीख, एवढे लिहून घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, विकलेल्या मालाचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मेकॅनिकला कोर्टाची भीती घालावी असा माझा हेतू नाही. लिहिलेल्या चार ओळींनी कामाला शिस्त येते, आणि पुढच्या वेळी ‘मागे कधी बदलले होते’ यावर वाद उरत नाही.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट एकच. पुढच्या वेळी मेकॅनिकने गाडी उघडून, नीट बघून, ‘काही करायची गरज नाही’ असे सांगितले, तर खिशात हात घाला. त्याच्या वेळेचे आणि डोळ्यांचे पैसे द्या. चाचांनी पहिल्यांदा घेतले नाहीत. मी गाडीच्या सीटवर ठेवून निघालो. दुसऱ्या वेळी घेतले. नंतर त्यांच्या गॅरेजात खडूने पाटी लिहिली गेली : ‘ब्रेक तपासणी’, आणि पुढे रक्कम. लोक आधी हसले, मग देऊ लागले. चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा गॅरेज चालवतो आणि पाटी अजून आहे.

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांशेजारी महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘ब्रेक’ अशी नोंद असते. ती माझ्या हस्ताक्षरात नाही. थंडीत मनगट दुखले की सौभाग्यवती काही बोलत नाहीत. मला अंगणात बोलावतात, ब्रेक दाबून धरायला सांगतात, आणि स्वतः वाकून बाण कुठे आला ते बघतात. आज रविवारच आहे. चहा झाला असेल तर आपणही एकदा वाकून बघायला हरकत नाही.