नाव धोंडो, म्हणून काय झाले?

गेल्या वैशाखात माझ्या भाचीच्या मुलाचे बारसे होते. आदल्या रात्री घरातली सारी मंडळी पाळण्याभोवती जमली होती आणि नावाचा खल चालला होता. हल्ली या कामी पंचांगापेक्षा मोबाईलचा आधार अधिक घेतात. त्या लहानशा पेटीतून एकामागून एक नावे बाहेर पडत होती. एकाचा अर्थ म्हणे ‘सूर्याचा पहिला किरण’, दुसऱ्याचा ‘परमेश्वराचा श्वास’! मी भीत भीत विचारले, “अगं, पण हा शब्द कोणत्या भाषेतला?” त्यावर उत्तर मिळाले, “मामा, भाषा कशाला पाहिजे? अर्थ दिलाय ना खाली!”

रात्रीचे अकरा वाजले, तरी एकमत होईना. तेव्हा कोणीतरी वैतागून म्हणाले, “काही ठेवा बाबा, फक्त धोंडू ठेवू नका म्हणजे झाले!”

सगळे घर खदखदून हसले आणि दुसऱ्याच क्षणी चिडीचूप झाले. कारण समोर सतरंजीवर बसलेल्या मामाचे नाव धोंडू आहे, हे एकदम सर्वांच्या ध्यानात आले. प्रसंग निभावून नेण्यासाठी मीही हसलो. हसली नाही ती फक्त माझी आई. ती त्या तान्ह्या पोराच्या गालाला काजळाची तीट लावीत होती.

वाचकहो, त्या हसण्याचा जाब विचारण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. आणि हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून थोडा जाब स्वतःलाही विचारणार आहे.

माझ्याआधी माझ्या आईला तीन मुले झाली. पहिली मुलगी, ती जगली. नंतरचे दोघे मुलगे. एक आठव्या दिवशी गेला, दुसरा सातव्या. दूध पिता पिता पोराची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखे वाकले आणि सगळे संपले. गावाने सांगितले, सटवीने नेले. सटवीचा त्यात काही दोष नव्हता. तो नवजात बालकाचा धनुर्वात होता आणि नाळ कापणाऱ्या अस्वच्छ पात्यावाटे तो शिरत होता. परंतु हे आमच्या आईला सांगणार कोण? तिला एवढेच कळत होते, की आपल्या मुलग्यांवर कोणाचा तरी डोळा आहे. पहिल्या दोघांना तिने हौसेने देवांची नावे योजून ठेवली होती. माझ्या वेळी मात्र तिने मला पदराखाली झाकून घेतले आणि शेजारणीला म्हटले, “काही नाही गं बाई, धोंडा झालाय.”

धोंडा कोण चोरून नेणार? धोंड्याला कोणाची दृष्ट लागणार? माझ्या नावाचे मूळ आणि अर्थ हा एवढाच आहे.

हा उपाय काही माझ्या आईचा शोध नव्हे. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे पोर जणू उकिरड्यावर सापडले म्हणून केरू किंवा उकरडू, भिक्षा मागून आणले म्हणून भिकू, नाक टोचून त्यात नथ घातली म्हणून नथू आणि कोणी ढुंकूनही पाहू नये म्हणून दगडू किंवा धोंडू होई. बंगालात हेच पोर तीन किंवा पाच कवड्यांना विकल्याचे नाटक करीत आणि त्याला तिनकडी, पाचकडी म्हणत. काळाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी भारतभरच्या आयांनी रचलेला हा कट आहे. तीट ही गालावर लावायची, आणि धोंडो हे नाव म्हणजे अक्षरांत लावलेली तीट. मग गालावरच्या तिटेचे फोटो काढायचे आणि नावातल्या तिटेला हसायचे, हा कोठला न्याय?

या नावाचा आणखी एक उगम आहे. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी पंचांगात एक अधिक महिना येतो, त्याला आपण धोंडा महिना म्हणतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तो हाच. जावयाला तेहतीस अनारसे याच महिन्यात देतात आणि काही भागांत पुरणाचे धोंडे करून वाढतात. या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नावही पुष्कळदा धोंडो ठेवीत. गंमत अशी, की या महिन्याचे दुसरे नाव पुरुषोत्तम मास! एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन पोरांपैकी एक पुरुषोत्तम होतो आणि दुसरा धोंडो. पुरुषोत्तमाला कोणी हसत नाही.

पहिला आक्षेप असा, की हे नाव गावंढळ आहे, या नावाची माणसे काय पराक्रम करणार? तर ऐका. टिपूच्या कैदेतून १७९९ साली सुटलेल्या धोंडिया वाघाने वर्षभर इंग्रजांना असा घोर लावला, की त्याच्या पाठलागावर खुद्द आर्थर वेलस्लीला निघावे लागले. पुढे १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा वेलस्ली तो हाच. १० सप्टेंबर १८०० रोजी धोंडिया लढता लढता पडला. १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या दप्तरात धोंडोपंत म्हणूनच नोंदलेले आहेत आणि त्या धोंडोपंताला पकडून देणाराला इंग्रजांनी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. आणि धोंडो केशव कर्वे? १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभारले आणि वयाची शंभरी गाठली त्या १९५८ साली ते भारतरत्न झाले. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडुताई कुलकर्णी यांनी तर हे नाव स्त्री असून आयुष्यभर मिरविले. दगडाला गळा नसतो, असे त्यांच्यासमोर म्हणण्याची कोणाची छाती होती?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला थट्टेने उत्तर देता येणार नाही. तो असा, की कर्व्यांच्या घरचा धोंडो महर्षी होतो, पण गावकुसाबाहेरचा धोंडो जन्मभर ‘ए धोंड्या’च राहतो. हे शंभर टक्के खरे आहे. धोंडोपंत, धोंडूशेठ, धोंडीबा, धोंड्या या नावांत धोंडा तोच. पुढे काय चिकटवायचे ते मात्र माणसाची जात आणि पैसा पाहून ठरे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे निंद्य असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ओंगळ नावाच्या मुळाशी दोन निरनिराळे हात आहेत. एक भ्यालेल्या आईचा आणि दुसरा माजलेल्या समाजाचा. पहिल्याने दिलेले नाव हे पांघरूण. दुसऱ्याने दिलेले नाव हा डाग. ज्याच्या अंगावर असा डाग फेकला गेला त्याने तो धुऊन काढला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. दगडू मारुती पवार हे दया पवार झाले. पण १९७८च्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी काय केले ते पाहा. दगडूला त्यांनी पुसून टाकले नाही. त्याला समोर बसविले आणि त्याच्याच तोंडून सगळी कहाणी वदविली.

तिसरा आक्षेप सुधारकांचा. ते म्हणतात, ही अंधश्रद्धा आहे, मरते आहे तर मरू द्या. मान्य! आजच्या बाळाचे नाव धोंडो ठेवा, असे मी मुळीच म्हणत नाही. हे नाव दुर्मिळ का झाले ते मला ठाऊक आहे. १९५१च्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात तर १६ वर. गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली आणि २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. धोंडो हे नाव मेले ते फॅशनमुळे नव्हे, लसीमुळे. इतक्या चांगल्या कारणाने मेलेले नाव दुसरे नसेल. त्याच्या मृत्यूचा मला आनंदच आहे. माझे म्हणणे एवढेच, की लढाई संपल्यावर जुनी ढाल भंगारात विकायची नसते आणि तिच्यावरच्या खोकांना हसायचे तर मुळीच नसते.

आता माझा स्वतःचा हिशेब.

मी दहावीपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर. रात्री जागून कादंबऱ्या लिहितो. पहिली कादंबरी छापायला घेतली तेव्हा प्रकाशक म्हणाले, “मास्तर, धोंडो नावाच्या लेखकाचे पुस्तक कोण विकत घेणार?” मी एका शब्दाने वाद घातला नाही. त्याच रात्री स्वतःसाठी एक गोंडस टोपणनाव शोधून काढले. पुस्तक घरी आणले. आईला अक्षरओळख नाही. तिने पदराने मुखपृष्ठ पुसले आणि विचारले, “यात तुझे नाव कुठे आहे रे?” मी त्या गोंडस नावावर बोट ठेवले. तिने त्या अक्षरांवरून हात फिरविला आणि पुस्तक देवापुढे ठेवले. आजही ती आल्यागेल्याला ते दाखविते आणि सांगते, “हे बघा, इथे धोंडू लिहिलंय.”

गेल्या वर्षी आमच्या शाळेतला नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. आजोबांच्या आठवणीसाठी घरच्यांनी त्याचे नाव धोंडीराम ठेवले आहे. दहावीचा अर्ज भरण्याआधी त्याला नाव बदलून घ्यायचे होते. वर्गातली मुले बाकावर दगड ठेवतात, म्हणाला. मी त्याला धोंडिया वाघ सांगितला, कर्वे सांगितले, या लेखात लिहिले ते सगळे सांगितले. पोराने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग तुमच्या पुस्तकावर तुमचे नाव का नाही?”

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला एकाही विद्यार्थ्याने असे निरुत्तर केलेले नाही.

मी त्याला म्हटले, “बाळ, तू नाव बदल किंवा बदलू नकोस, ते तुझ्या मर्जीवर आहे. पण बाकावर दगड ठेवणाऱ्यांचा बंदोबस्त करणे हे माझे काम आहे, आणि ते मी आजवर केले नाही.” दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला मी फळ्यावर माझे पूर्ण नाव लिहिले, ते कसे पडले ते मुलांना सांगितले, आणि घरी जाऊन आपल्या पणजोबांचे नाव विचारून या, असे बजावले. पुढच्या तासाला वर्गात दोन दगडू, एक केरू, एक भिकाजी आणि तीन धोंडू निघाले. बाकावरचा दगड त्यानंतर दिसला नाही. धोंडीरामचा नाव बदलण्याचा अर्ज अजून तरी माझ्याकडे आलेला नाही. आला, तर मी बिनतक्रार सही करीन.

असो. फराळाच्या ताटातला अनारसा उचलताना, मंडळी, धोंड्या महिन्याची आठवण ठेवा आणि घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाला विचारा, की आपल्या घराण्यात धोंडू, दगडू, केरू कोण होते आणि त्यांच्याआधी किती पाळणे रिकामे झाले होते. ते उत्तर ऐकूनही ज्याला हसू येईल, त्याने खुशाल हसावे.

माझी पुढची कादंबरी छापायला गेली आहे. प्रकाशकांना मी निरोप धाडला आहे, की मुखपृष्ठावर माझे खरे नाव घालणार असाल तरच छापा, नाहीतर हस्तलिखित परत करा. त्यांचे उत्तर अजून यावयाचे आहे. आईला मात्र मी यातले काही सांगितलेले नाही. तिच्या लेखी ते नाव पहिल्या पुस्तकापासून छापलेलेच आहे.