क्राऊडस्ट्राइक: एका अपडेटने ८५ लाख कॉम्प्युटर का बंद पडले?

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राऊडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने एक अपडेट पाठवलं. ७८ मिनिटांत ते मागेही घेतलं. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले होते. भारतात अनेक विमान प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

नेमकं काय चुकलं?

अपडेटमध्ये दोष होता आणि तो कंपनीच्या तपासणीतूनही निसटला. पण चुका कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये राहतात. म्हणूनच 'कॅनरी रिलीज'ची पद्धत आहे: अपडेट आधी मोजक्या कॉम्प्युटरवर द्यायचं, काही बिघडत नाही ना ते पाहायचं, मगच इतरांना पाठवायचं. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना देणाऱ्या कॅनरी पक्ष्यावरून हे नाव पडलं.

क्राऊडस्ट्राइकने हे अपडेट मात्र टप्प्याटप्प्याने दिलं नव्हतं. नव्या सायबर हल्ल्यांपासून ग्राहकांना लगेच संरक्षण मिळावं, यासाठीच अशी अपडेट्स असतात. वाचवलेला तो वेळ महागात पडला: बंद पडलेले बहुतेक कॉम्प्युटर एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले.

त्यानंतर कंपनीने अशी अपडेट्सही टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली.