लेखकाला काय विचारावे?



मागच्या महिन्यात बाईंनी आम्हाला मुलाखत कशी घ्यावी ते शिकवले. शाळेत लेखक आले तर त्यांना काय विचाराल, ते वहीत लिहायला सांगितले. आम्ही भराभर लिहिले. तुमचा जन्म कुठे झाला? किती पुस्तकं लिहिली? बक्षिसं किती मिळाली? बाई म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. त्यासाठी माणसाला कशाला बोलवायचं?"

मग त्यांनी कवी नारायण सुर्वे यांची हकिकत सांगितली. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले हे तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने घरी आणून वाढवले. मोठेपणी ते मुंबईत शाळेत शिपाई होते. पुढे परीक्षा देऊन शिक्षक झाले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मागच्या बाकावरून एकाने विचारले, "बाई, ते शिपाई होते तेव्हा मुलं त्यांना काय म्हणून हाक मारत असतील?"

वर्ग एकदम गप्प झाला. आपल्या शिपाईमामांना आपण काय म्हणून चिडवतो, ते सर्वांना ठाऊक आहे. मीपण चिडवलंय.

सुर्वे २०१० साली वारले. त्यांना आता विचारता येणार नाही. म्हणून मधल्या सुट्टीत मी मामांकडे गेले आणि विचारले, "मामा, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" ते म्हणाले, "चौथी. मग आईबरोबर मिठागरात गेलो. मिठानं पायाला चिरा पडायच्या. तेव्हा शाळेची लई आठवण यायची." त्या दिवसापासून माझ्या तोंडून ते नाव निघालेलं नाही.

काही मुले म्हणतात, पुस्तक वाचले की झाले, लेखक कशाला हवा? मला हे पटत नाही. पुस्तक कंटाळा आला की मिटता येतं. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, तर आपल्यालाही थांबावं लागतं. त्याला काय वाटलं असेल, हे तेव्हाच मनात येतं.

आणि यात उशीर करू नये. खाडीपलीकडे वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो राहत होते. २०२० साली उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. भाईंदरहून वसई रोड दुसरेच स्टेशन. पण आम्ही कधी गेलो नाही. २०२४ साली ते गेले.

म्हणून माझे मत असे, की दर सहामाहीला एका तरी लेखकाला शाळेत बोलवावे. आधी त्यांचे पुस्तक सर्वांनी वाचावे. प्रश्न थोडेच विचारावेत, पण उत्तर पुरते ऐकावे. पालकांपैकी कुणाच्या ओळखीचे लेखक असतील, तर त्यांनी बाईंना जरूर सांगावे.

आणि लेखक येईपर्यंत घंटेपाशी मामा बसलेले असतातच.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी