कर्जाची वही तिजोरीत, कपातीची वही वाळवीपुढे



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दहा-बारा जण तालुक्याच्या बंद पडलेल्या सहकारी जिनिंगमध्ये गेलो. कुलूप तोडले नाही, मागची भिंतच पडली आहे. यंत्रे भंगारात गेली, पत्रे उडाले. जिथे बंड्यांच्या रांगेत आपण चार-चार रात्री काढल्या, तिथे आता बाभळी उगवल्या आहेत. पण कचेरीच्या खोलीत दप्तर तसेच पडून आहे. काट्याची रजिस्टरे, ग्रेडच्या पावत्या, चुकाऱ्यांच्या याद्या, भागधारकांचे रजिस्टर. निम्मे वाळवीने खाल्ले, निम्मे अजून वाचता येते.

आम्ही वाचले. सोबतच्या एका गड्याच्या बापाचे नाव निघाले. आधी वजन, मग घट, मग ग्रेड. त्यापुढे कपात : सोसायटीचे कर्ज, निधी, भागाची रक्कम. शेवटच्या रकान्यात हाती पडलेले पैसे आणि बाजूला अंगठा. गडी बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "बापाचा भाग आहे इथं, हे आमाले मालूमच नवतं."

हे दप्तर कशाचे आहे ते नव्या पोरांना सांगितले पाहिजे. १९७१ साली राज्यात कापूस एकाधिकाराचा कायदा झाला, १९७२ पासून खरेदी सुरू झाली. नाव दिले व्यापाऱ्यांच्या लुटीतून सुटकेचे. प्रत्यक्षात आपलाच कापूस आपल्या मर्जीने विकणे हा गुन्हा ठरला. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर नाके बसले आणि पिकवणारा तस्कर झाला. चुकारे हप्त्याहप्त्याने, कर्जाची वसुली मात्र आधी. भांडवल उभारणी निधी, चढउतार निधी अशी कपातीची नावेही भारदस्त. २००२ मध्ये एकाधिकार उठला. तीस हंगामांचा हिशेब कोणी समोर बसून दिला का?

काही शहाणे म्हणतील, जुनी रद्दी उकरून काय मिळणार? त्यांना आमचा उलट सवाल आहे. आपल्या नावावरचे कर्ज जुने झाले म्हणून ती वही कधी कोणी रद्दीत घातली का? ती तिजोरीत राहते, तिच्यावर व्याज चढते, बाप मेला तर लेकाच्या दारात येते. देण्याची वही अमर आणि घेण्याची वही वाळवीला, हा कोणता न्याय?

आणि प्रश्न केवळ जुन्या पैशाचा नाही. बंद जिनिंगच्या जागा आज भर रस्त्याला आल्या आहेत. उद्या लिलाव पुकारला जाईल. त्या दिवशी मालक कोण, हे सांगणारा एकच कागद आहे : भागधारकांचे रजिस्टर. ते नाहीसे झाले की हजारो मालक एका रात्रीत नाहीसे होतात.

म्हणून कामाचे बोलू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३२. सभासदाला सभासदांचे रजिस्टर, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट पाहण्याचा हक्क आहे. फी भरून नकलाही मिळतात. संस्था अवसायनात निघाली की दप्तर अवसायकाच्या ताब्यात जाते, अर्ज त्याच्याकडे करायचा. तो दाद देत नसेल तर निबंधकाकडे माहितीचा अधिकार वापरायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे की सहकारी संस्था सरसकट या कायद्याखाली येत नाहीत, पण निबंधक येतो. आणि जी माहिती संस्थेकडून घेण्याचा त्याला कायद्याने अधिकार आहे, ती त्याच्यामार्फत मागता येते.

आम्ही एकही वही उचलून आणली नाही. तुम्हीही आणू नका. चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही. गावागावांतून घरच्या ट्रंका, फडताळे धुंडाळा, भागाच्या पावत्या बाहेर काढा. भागधारकांनी आणि त्यांच्या वारसांनी मिळून अर्ज करा. दप्तराची मोजदाद पंचांसमोर व्हावी आणि ती होईपर्यंत लिलाव होऊ नये, ही मागणी जिल्ह्याच्या बैठकीत ठराव करून मांडा.

एक कबुलीही देतो. त्या इतिवृत्तांत सभेला हजर म्हणून आपल्याच सह्या आणि अंगठे आहेत. कितीकांनी वाचून केले? न वाचता अंगठा दिला, त्याची किंमत मोजतो आहोत. आता पोरे शिकली आहेत. त्यांनी बापाचा अंगठा वाचावा.