मच्छीमार कोण?

रिठदच्या शिवारात निंदण-खुरपण बाईच करते. पण सातबाऱ्यावर नाव नसले की ती शेतकरी ठरत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरही तेच. वरळी-वर्सोव्याच्या कोळणी मासळी निवडतात, सुकवतात, विकतात. बोट बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून बोटींसाठी ६० ऐवजी १२० मीटरची वाट ठेवायचे सरकारने २०२२ साली मान्य केले, ते वरळीच्या मच्छीमारांनी लढा दिला म्हणून. पण मासळी सुकवायची जागा, बाजारातला ओटा यांचे काय? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेता-प्रतिनिधींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत. त्या कोळणींनी हक्काने मागाव्यात. मैत्रिणींनो, नुकसानभरपाईच्या याद्या होतील तेव्हा शेतात असो वा किनाऱ्यावर, बाईचे काम आधी लिहून घ्यायला लावू या.