जिन्नाची गोष्ट आम्ही लिहायची नाही?

माझ्या गोष्टीत एक जिन्न आहे. वसमतच्या शिवारात हळद शिजत असताना तो कढईच्या वाफेतून बाहेर येतो आणि आधी विचारतो, "आज भाव काय निघाला?" ही गोष्ट मी एका संपादकांकडे पाठवली. त्यांचा फोन आला. भाषा छान आहे म्हणाले, "पण तुमच्या समाजाचं काही द्या ना. तलाक, बुरखा, दंगल. परीकथा काय, कुणीही लिहील."

कुणीही लिहील, तर मग मी का नाही?

कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' १८६१च्या सुमारास येऊ लागल्या, त्याही इंग्रजीवरून. राहिलेलं काम पुढे मुलाने, विष्णुशास्त्रींनी हाती घेतलं. याच कृष्णशास्त्रींनी अर्थशास्त्रावर लिहिलं, सॉक्रेटिसाचं चरित्र लिहिलं, मेघदूत मराठीत आणलं. जिन्न आणि पऱ्या लिहिल्या म्हणून मराठीने त्यांना हलकं मानलं नाही. तिकडे लखनौला १८८३ साली नवलकिशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा' निघू लागलं. मुहम्मद हुसैन जाह यांनी चार खंड लिहिले, उरलेले अहमद हुसैन कमर यांनी. छापखान्याचे मालक हिंदू, लिहिणारे मुसलमान. आणि मराठीत आज आम्हाला जिन्न परका!

आपल्या घरातही काही वेगळं नाही. मामू म्हणतात, "झूट लिखके क्या मिलता रे? दीन की बात लिख." आमची दादी मात्र रोज रात्री दखनीत हेच 'झूट' सांगायची. तिच्या परीला कयाधूकाठच्या चिंचेवर उतरायचं असे, पण फजरच्या अजानआधी परत जावं लागे. हा नियम दादीने कधी मोडला नाही, आम्ही कितीही रडलो तरी.

१९९०ला सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं ऋण मी मानतो, आपलं दुखणं आपण मराठीत लिहू शकतो हा धीर तिथून मिळाला. पण आमच्याकडून फक्त दुखणंच घ्यायचं, हे कुणी ठरवलं? अद्भुत लिहिणाऱ्याचा हात एका पुस्तकात बसत नाही. पहिली गोष्ट कच्ची असते, ती छापून येते, पोरं कुठे कंटाळली ते कळतं, मग दुसरी जमते. आमची पहिलीच दारातून परत येते.

दुसरी लिहून झाली आहे. त्याच संपादकांना पाठवतोय. समाजाचं विचारलं तर सांगेन, जिन्न आमच्या वसमतचाच आहे.